पायाखालची पिंपळी

पिंपळ म्हटला कीं आमच्या लोकांची मान आपोआप वर जाते. त्याला पार आहे, प्रदक्षिणा आहेत, श्रावणी शनिवारची पूजा आहे, मुंजाची वस्तीहि आहे. भगवंतांनीं विभूति सांगतांना वृक्षांमध्यें अश्वत्थाला मान दिला हें घरांतलें शाळकरी मूलहि सांगेल. परंतु त्याच पिप्पल शब्दाचें स्त्रीलिंगी रूप नांव म्हणून धारण करणारी एक लहानशी वेल आहे. ती जन्मभर भुईला बिलगून राहते, आणि तिच्याकडे पाहावयाचें तर मान खालीं घालावी लागते. पिंपळी ती हीच. आमच्या घरांतून तिची ओळख वाण्याच्या पुडींत सुरू होते आणि खलांत संपते. ती जिवंत असतांना कशी दिसते, कोठें राहते, कोणाच्या उपयोगीं पडते, हें विचारण्याची पाळी सहसा येत नाहीं.

आम्ही वनस्पतिशास्त्राचे पंडित नव्हों हें आरंभींच सांगितलेलें बरें. जुन्या अकरावीची मॅट्रिक, आजोबांपाशीं झालेलें थोडें काव्य-व्याकरण, आणि मुलांकडून शब्द-धातु घोकवून घेण्यांत गेलेलीं चौतीस वर्षें, एवढीच आमची पुंजी. निवृत्त झाल्यावर दक्षिण कोंकणांतील मूळ घरीं येऊन राहिलों, आणि ज्या पिंपळीचीं नांवें जन्मभर वर्गांत म्हणवून घेतलीं ती घरामागच्या देवराईंत प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. कोशांतल्या शब्दाला पानें फुटलेलीं पाहण्यांत कांहीं निराळेंच सुख असतें.

नांवांच्या बाबतींत ही वेल मोठी श्रीमंत आहे. अमरसिंहानें वनौषधिवर्गांत तिला कणा, चपला, मागधी, शौण्डी, वैदेही, कृष्णा अशा कितीतरी नांवांनीं हांक मारली आहे. वैदेही हें नांव आलें कीं वर्गांतल्या मुलांना सीतामाई आठवे. एकानें तर विचारलें होतें, “गुरुजी, जमिनींतून निघाली म्हणून का?” कोशकाराच्या मनांत विदेह देशचा माल असावा, जनकाची कन्या नसावी, हें उघड आहे, मागधी हें नांवहि त्याच बाजूच्या व्यापाराची खूण सांगतें. तथापि त्या मुलाची व्युत्पत्ति आम्हांस अजून अधिक आवडते. राजनिघंटूंत पिंपळीचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत एक सैंहली व एक वनपिप्पली आहे. म्हणजे कोणती समुद्रावरून येते आणि कोणती रानांत आपली आपण होते, इतका भेद आमचे जुने वैद्य करीत होते.

रानांतली पिंपळी ओळखणें कठीण नाहीं. मिऱ्याची आणि विड्याच्या पानाची ती सख्खी बहीण. एकाच कुळांतल्या ह्या तिघी. परंतु मिरी झाड धरून वर चढते, आणि पिंपळी बहुधा जमिनीवर सरपटत जाते. तिच्या कांडाला पेरें असतात आणि भुईला टेकलेल्या प्रत्येक पेराशीं मुळ्या फुटतात. खालचीं पानें लांब देंठाचीं व हृदयाच्या आकाराचीं. वरचीं मात्र देंठावांचूनचीं, कांडालाच मिठी मारून बसलेलीं. एकाच वेलीवर हीं दोन तऱ्हेचीं पानें पाहिलीं कीं नवख्याला दोन वनस्पतींचा भास होतो. पावसाळ्यांत तिला फुलांचीं कणसें येतात, पण सर्व वेलींना एक नव्हेत. नर-वेल निराळी, मादी-वेल निराळी. नराचें कणीस बारीक व लांबट, उंदराच्या शेंपटीसारखें. मादीचें आंखूड व जाड, पुढें तुतीच्या लहान फळासारखें भरणारें. वाण्याकडे मिळते ती पिंपळी म्हणजे हें मादीचें कणीस, पुरतें पिकण्यापूर्वीं तोडून उन्हांत वाळविलेलें. बाजारांत मोठी पिंपळी म्हणून जी विकतात ती पुष्कळदां जावा बेटाकडील निराळ्या जातीची असते, हेंहि भगिनीवर्गानें ध्यानांत ठेवावें.

घरांतले तिचे उपयोग आम्ही विस्तारानें सांगत नाहीं, कारण तें ज्ञान आमच्यापेक्षां माजघरांत अधिक आहे. सुंठ-मिऱ्यांबरोबर ती त्रिकटूंत आहे. सितोपलादि चूर्णांत खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन व दालचिनी एक, असा उतरत्या निम्म्याचा हिशेब आहे. मुलांना गणित शिकवावयासहि तो उपयोगी पडतो. चौसष्ट-प्रहरी पिंपळी म्हणजे नांवाप्रमाणें पाहिलें तर आठ अहोरात्र खललेली पिंपळी. हल्लीं ती यंत्रावर खलतात. चरकाचार्यांनीं मात्र एक इशारा देऊन ठेवला आहे: पिंपळी, क्षार आणि मीठ हे तीन पदार्थ अति सेवूं नयेत. त्याच ठिकाणीं त्यांनीं पिंपळीला योगवाही म्हटलें आहे, म्हणजे ज्याच्याबरोबर जाईल त्याचा गुण ती वाहून नेते. १९९८ सालीं बंगळूरच्या संशोधकांनीं असें दाखविलें कीं पिंपळींत व मिऱ्यांत असणारें पायपरीन हें द्रव्य बरोबर दिलें असतां हळदींतील कर्क्युमिन कितीतरी अधिक प्रमाणांत रक्तांत उतरतें. योगवाही हा शब्द आम्हांस पुढें आणखी एकदां लागणार आहे.

एके काळीं हिच्यासाठीं परदेशचें सोनें-रुपें येत होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी नांवाच्या रोमन ग्रंथकारानें भाव लिहून ठेवला आहे: काळें मिरें चार दिनार रत्तल, पांढरें सात, आणि पिंपळी पंधरा. गंमत अशी कीं पिप्पली या नांवावरूनच युरोपांतील भाषांचा मिऱ्याचा शब्द झाला. नांव पिंपळीचें, आणि पुढें तें भोगलें मिऱ्यानें. घरांतल्या थोरल्या सुनेचे दागिने धाकटीच्या अंगावर जावेत तशांतलें हें झालें. सतराव्या शतकांत कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड यानें मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ बारा खंडांत काढविला; १६७८ ते १६९३ पर्यंत तो ॲमस्टरडॅम येथें छापला गेला. त्यांत पिंपळी तेथल्या मल्याळी नांवानें आलेली आहे. त्या कामीं रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांनीं साह्य केलें, व त्यांचें १६७५ सालचें देवनागरी लिपींतील प्रमाणपत्र पहिल्या खंडांत छापलें आहे. त्याच ग्रंथाच्या आधारानें लिनियसनें १७५३ सालीं पिंपळीला शास्त्रीय नांव दिलें. आमच्या वैद्यांनीं पानें-फुलें ओळखून सांगितलीं नसतीं तर त्या युरोपीय पंडितांचें पान हललें नसतें, असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरीत नाहीं.

पण हें सर्व वेलीच्या फळाविषयीं झालें. वेल स्वतः काय करते?

वैशाखांतल्या दुपारीं आमच्याकडील डोंगर पाहावे. गवत जळालेलें, सागवान उघडें-वाघडें, जांभा दगड तव्यासारखा तापलेला. तेथून राईंत पाऊल टाकलें कीं ओल्या मातीचा वास येतो. वर जांभूळ, सुरंगी, रानजायफळ, बेहडा. त्यांना विळखे घालून गेलेली गारंबीची प्रचंड वेल. आणि खालीं जेथवर नजर पोंचते तेथवर पिंपळीचीं हिरवीं काळपट पानें. वर पडणाऱ्या उन्हाच्या शंभर भागांतले एखाद-दोन भागच अशा दाट अरण्याच्या तळाशीं उतरतात. तेवढ्या मिळकतीवर ही वेल संसार करते. म्हणूनच ती सागासारखीं सगळीं पानें एकदम टाकून देत नाहीं. जेथें आवक थोडी तेथें एकदां घडविलेलें भांडें पुष्कळ दिवस वापरावें लागतें, हें मोठ्या कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

मग आर्द्रा लागतात. आमच्याकडे वर्षाला शंभर इंचांवर पाऊस, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. लोकांची अशी समजूत असते कीं मोठीं झाडें असलीं म्हणजे माती धुपत नाहीं. ही समजूत अर्धी खरी आहे. उंच झाडाच्या पानावर पाऊस गोळा होतो, पानाच्या टोंकाशीं त्याचा टपोरा थेंब बनतो, आणि तो चाळीस-पन्नास हातांवरून सुटतो. खालीं उघडी माती असेल तर असला थेंब साध्या पावसाहून अधिक घाव घालतो. राईंत त्याला पिंपळीचें पान आडवें येतें. थेंब फुटतो, पानावरून घसरतो, खालच्या पातेऱ्यावर पडतो, आणि मग सावकाश जमिनींत मुरतो. पातेरा तरी जागच्या जागीं कशानें राहतो? पिंपळीच्या जाळ्यानें. उताराच्या राईंत जेथें वेल नाहीं तेथला पाला पहिल्या मोठ्या सरीबरोबर वाहून ओढ्याला जातो, हें आम्हीं छत्री घेऊन उभें राहून पाहिलें आहे. शेजाऱ्यांनीं आमच्याविषयीं काय मत करून घेतलें असेल तें असो.

त्या अडकून राहिलेल्या पाल्यांत सगळा कारभार चालतो. भूछत्रें, वाळवी, गोगलगाई, गांडुळें यांनीं तो कुजवावा, त्याची माती व्हावी, ती झाडांनीं खावी. तेथेंच देवगांडूळ म्हणतात तो प्राणी असतो. पाय नाहींत म्हणून लोक त्याला साप समजून मारतात, आणि वस्तुतः तो बेडकाच्या जातींतला बिचारा निरुपद्रवी जीव. परंतु आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट बियांची. रानजायफळासारख्या सदापर्णी झाडांचें बीं गहूं-हरभऱ्याप्रमाणें कणगींत वाळवून ठेवतां येत नाहीं. तें वाळलें कीं मेलें. पडल्याबरोबर त्याला ओल पाहिजे आणि सांवली पाहिजे. तळाचा हा हिरवा ओलावा झाडून काढला तर वरचीं झाडें आणखी पन्नास वर्षें उभीं राहतील, पाहुण्यांना मोठीं भव्य दिसतील, आणि त्यांच्या पायाशीं एकहि रोप नसेल. ज्या वाड्यांत आजे-पणजे आहेत आणि पाळणा हालत नाहीं, त्या वाड्याला नांदता कोण म्हणेल? योगवाही हा शब्द आम्हांस येथें आठवतो. वैद्यकांत पिंपळी दुसऱ्या औषधाचा गुण वाहते. राईंत ती दुसऱ्यांची ओल, दुसऱ्यांचा पाला आणि दुसऱ्यांचीं पोरें सांभाळते.

आमच्या पूर्वजांना ही शास्त्रीय मीमांसा ठाऊक असो वा नसो, नियम त्यांनीं चोख केला होता. गांवांत तरवा भाजण्याकरितां प्रत्येक शेतकऱ्याला पातेरा हवा असतो. सगळ्या डोंगरांवरून तो गोळा होतो, पण राईंतून एक टोपलीहि उचलावयाची नाहीं. सुकी काठीसुद्धां देवाच्या कामाखेरीज बाहेर न्यावयाची नाहीं. १९७६ सालीं माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं पश्चिम घाटांतील देवरायांवर निबंध प्रसिद्ध केला आणि या राया म्हणजे मूळच्या अरण्याचे उरलेले तुकडे आहेत हें विद्वानांपुढें मांडलें. आमच्या गांवच्या वृद्ध गुरवानें तो निबंध वाचलेला नाहीं. तो एवढेंच म्हणतो, “राईतलो पालो राईतच रवाक होयो.”

आतां ज्याकरितां हा लेख लिहावयास बसलों त्या गोष्टीकडे येतों. गेल्या फाल्गुनांत आमच्या गांवच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचें ठरलें. मुंबईच्या मंडळींनीं उदार हातानें वर्गणी दिली. देऊळ मोडकळीस आलें होतें, तें नीट व्हावें यांत दुमत नव्हतें. परंतु नकाशांत देवळाभोंवतालच्या राईचीहि ‘स्वच्छता’ होती. झाडें तोडावयाचीं नव्हतीं, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. झाडांविषयीं सर्वांना आदर होता. झाडांखालचा ‘कचरा’ तेवढा काढावयाचा, सिमेंटच्या रंगीत लाद्या बसवावयाच्या, आणि उरल्या जागेंत विलायती हिरवळ लावावयाची. पिंपळी हा शब्द त्या कागदांत कोठेंच नव्हता. सभा भरण्यापूर्वींच यंत्र आलें. त्याला आंत शिरतां यावें म्हणून दोन जांभळींच्या फांद्या उतरविल्या, आणि देवळामागची दोनएक गुंठे जमीन एका सकाळींत खरवडून लाल झाली.

चैत्रांत सभा झाली. वर्गणी गोळा करण्यांत आमच्या चुलत भावाचा मुलगा पुढारी होता. तो म्हणाला, “काका, भाविकांना पायाखालीं काय आहे तें दिसायला नको का? साप निघाला तर जबाबदार कोण?” प्रश्न खोटा नव्हता. घरांत तर विरोध याहून जवळचा होता. आमच्या वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर. तीन वर्षांपूर्वीं त्याच वाटेवर शेवाळावरून घसरून त्यांचा गुडघा गेला, तेव्हांपासून त्यांनीं देवीचें दर्शन घेतलेलें नाहीं. त्या म्हणाल्या, “भावोजी, तुमची वेल तुम्हांला लखलाभ. मला मरायच्या आधीं एकदां ओटी भरायची आहे.” यावर अथर्ववेदांतलें पिंपळीचें सूक्त किंवा रोमचा बाजारभाव सांगून काय उपयोग?

आम्हीं सभेंत इतकेंच सुचविलें कीं वाट पाहिजे, फरशी नको. वेशीपासून सभामंडपापर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांची चार हात रुंदीची वाट बांधावी, तिला दोहीं बाजूंस हाताला धरावयास कठडा असावा, वाटेवर दिवे असावेत. आणि वाटेच्या पलीकडे देवाच्या झाडाझुडपांत कोणीं हात घालूं नये. साप वाटेवर दिसतो, कारण वाट उघडी असते. झाडींतला साप झाडींत राहतो. चर्चा चार तास चालली. शेवटीं गांवकऱ्यांनीं रिवाजाप्रमाणें देवीला कौल लावला. उजवी पाकळी पडली आणि वाट मंजूर झाली. विज्ञानवादी वाचक हंसतील. आम्हांस तरी देवीनें मतदानापेक्षां लवकर निकाल दिला. मात्र मागील दोन गुंठ्यांवर लाद्या घालावयाच्या कीं नाहींत, हा प्रश्न पुढच्या सभेवर टाकण्यांत आला.

त्या दोन गुंठ्यांनीं मध्यंतरीं आपली साक्ष दिली. आषाढांत देवळासमोरून स्वच्छ पाणी वाहत होतें, आणि मागून गेरूसारखें. श्रावण लागेपर्यंत बेहड्याचीं मुळें चार बोटें उघडीं पडलीं. जेथें जांभळीच्या फांद्या तोडून ऊन आंत सोडलें होतें तेथें रानमोडी वर आली. ही मूळची अमेरिकेची. दाट सांवलींत तिचें कांहीं चालत नाहीं, पण ऊन मिळालें कीं पुरुषभर वाढते, उन्हाळ्यांत वाळून कोळ होते आणि वणव्याला आमंत्रण देते. म्हणजे काढला तो ‘कचरा’, आणि त्याच्या जागीं खरा कचरा आला. हें आम्हीं पुतण्याला पत्रानें कळविलें. तो भाद्रपदांत गणपतीला आला तेव्हां स्वतः मागें जाऊन पाहून आला. कांहीं बोलला नाहीं.

अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांतल्या त्या सूक्तांत अशी कथा सूचित केली आहे कीं असुरांनीं पिंपळीला पुरून टाकलें आणि देवांनीं तिला पुन्हां उकरून काढलें. पूर्वीं वर्गांत हें शिकवितांना त्याचें मर्म कळत नसे. आतां पाहतों तों यंत्रानें मातीच्या ढिगाखालीं गाडलेल्या कांडांतून, जेथें पेर शिल्लक होतें तेथें, कोंब वर आले होते. गुरवाच्या नातीनें व आम्हीं मिळून श्रावणांत तीन-तीन पेरांचे चाळीस तुकडे राईंतूनच घेऊन त्या लाल जागेच्या सांवलीच्या अंगाला लाविले, वर जुन्या जागेवरचा पातेरा पसरला. त्यांपैकीं एकतीस जगले. उघड्या कोपऱ्यांत जांभळीचीं व सुरंगीचीं रोपें लाविलीं आहेत. तीं मोठीं होईपर्यंत रानमोडी दर महिन्यास हातानें उपटावी लागेल, त्यास इलाज नाहीं.

वाट नवरात्रापूर्वीं पुरी झाली. अष्टमीला वहिनी कठडा धरून चिऱ्यांवरून गेल्या व ओटी भरून आल्या. परततांना मध्येंच थांबून त्यांनीं काठीनें कडेचीं पानें बाजूला केलीं आणि म्हणाल्या, “हीच का ती? मी वाळलेलीच पाहिली होती.”

एक अडचण मात्र उरली. आम्हीं लाविलेले तुकडे सगळे एकाच ताटव्यांतले, आणि कणसें आलीं तेव्हां असें दिसून आलें कीं तो सारा ताटवा मादी-वेलींचा आहे. बीं धरावयाचें तर जवळपास नर-वेल पाहिजे, आणि आमच्या राईंत ती अद्याप आढळली नाहीं. म्हणून या कार्तिकांत वरसंशोधनास निघणें प्राप्त झालें. ओढ्यापलीकडच्या गांवीं एक राई आहे. दिवाळीस आलेल्या पुतण्याला तेथें धाडलें. दुपारीं त्यानें मोबाइलवर छायाचित्र पाठविलें: हृदयाकृति पानांतून वर आलेलीं चार बारीक, लांब कणसें. आम्हीं तें घरांत सर्वांना दाखविलें. वहिनींनीं चष्मा लावून बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, “घराणें बरें आहे ना?”